गुलाबी कापडाचा सिनेमा, कापसाच्या गावात

कापसाचा मोठा वेचा घरात आला, तुरीचे खळे आटोपले आणि हरभरा निघायला अजून अवकाश आहे, अशा दिवसांत घरच्या माणसांना रात्री घटकाभर मोकळ्या मिळतात. टीव्हीवरच्या मालिकांतली सासूसुनांची भांडणे आपण पाहतोच. त्यातली निम्मी तर आपल्याच आळीत फुकट पाहायला मिळतात. त्याऐवजी एखाद्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून एक जुना इंग्रजी सिनेमा पाहावा, असे मी सुचवणार आहे. त्याचे नाव 'फनी फेस', म्हणजे गमतीदार चेहरा. हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने तो १९५७ साली काढला. लांबी पावणेदोन तासांच्या आत. शहरात शिकणाऱ्या मुलांना सांगितले तर ती मोबाइलवर किंवा टीव्हीला जोडून लावून देतात.

इंग्रजी म्हटले की आपण कचरतो. पण हा सिनेमा कळायला इंग्रजी फारसे लागत नाही. नाच कळतो, गाण्याची चाल कळते, आणि सर्वांत जास्त कळते ते कापड. कारण हा सिनेमा कापडाचाच आहे. कोणाच्या अंगावर कोणता कपडा चढवायचा, तो चढल्यावर माणूस बदलतो की तेच राहते, आणि हे सगळे ठरवणारे कोण, एवढाच त्याचा विषय. ज्यांच्या शेतात कापूस पिकतो त्यांनी तो पाहू नये तर कोणी पाहावा?

गोष्ट आधी सांगते. गोष्ट माहीत असली की सिनेमा निवांत पाहता येतो.

न्यूयॉर्क शहरात बायकांसाठी निघणारे एक मोठे फॅशनचे मासिक आहे. मॅगी प्रेस्कॉट ही त्याची संपादिका, मोठी दमदार बाई. केबिनमधून बाहेर आली की सगळ्या मुली उभ्या राहतात. एके दिवशी तिच्या मनात येते की या वर्षी सगळ्या बायकांनी गुलाबी रंग वापरावा. झाले! गुलाबी झगे, गुलाबी चपला, गुलाबी पर्स, दात घासायची पेस्टसुद्धा गुलाबी. पडद्यावर गुलाबी रंगाचा असा पूर येतो की रंगपंचमी फिकी पडावी. गाणे संपल्यावर कोणीतरी तिला विचारते, बाई, तुम्ही नाही का गुलाबी घालणार? ती म्हणते, मी तर मेले तरी घालणार नाही! या एका उत्तरात फॅशनचा सगळा धंदा उघडा पडतो. दिवाळीच्या आधी 'यंदा हेच चालू आहे' म्हणून आपल्या पुढ्यात साड्यांची थप्पी टाकणाऱ्या दुकानदाराच्या घरी त्याची बायको काय नेसते, ते एकदा पाहून यावे.

मासिकाचा फोटोग्राफर डिक एव्हरी. हे काम फ्रेड अस्टेअर या नामांकित नर्तकाने केले आहे. फोटोसाठी त्याला जुने पुस्तकांचे दुकान हवे असते, म्हणून सगळा लवाजमा न विचारता एका काळोख्या दुकानात घुसतो. तिथे जो नावाची मुलगी कामाला असते. साधा जाडाभरडा पोशाख, पायात चपटे बूट आणि डोके कायम तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात. ती विरोध करते तर हे लोक तिला बाजूला सारून आपले काम उरकतात आणि पुस्तकांचा उकिरडा करून निघून जातात. फोटोग्राफर तेवढा मागे राहून पुस्तके रचू लागतो. पुढे फोटो धुताना एका फोटोच्या कोपऱ्यात त्याला तिचा चेहरा दिसतो आणि तो हटून बसतो, मासिकाला जी मुलगी हवी ती हीच.

ही जो म्हणजे ऑड्री हेपबर्न. मुलगी पॅरिसला जायला तयार होते ती झग्यांसाठी नाही. ज्याची पुस्तके ती वाचते तो प्राध्यापक पॅरिसला राहतो, त्याची भेट होईल एवढ्याच आशेने. तिथे मोठा शिंपी तिच्यासाठी झगे शिवतो, फोटोग्राफर गावभर फिरवून तिचे फोटो काढतो, दोघांचे मन जुळते, भांडण होते, प्राध्यापक महाशय पुस्तकांपेक्षा मुलीतच जास्त रस घेणारे निघतात, ती त्यांच्या डोक्यात मूर्ती घालून तिथून निघते, आणि शेवटी लग्नाच्या झग्यात ओढ्याकाठी दोघांची भेट होते. आपल्या हिंदी सिनेमांपेक्षा गोष्ट काही फार शहाणी नाही.

मग यात पाहायचे काय? तीन जागा सांगते. तिथे चहाला उठू नका.

पहिली जागा फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीची. लाल दिवा लागलेला आहे आणि त्या उजेडात फोटोग्राफर कागदावर तिचा चेहरा हळूहळू उमटवतो. मुलगी म्हणत असते की माझा चेहरा चांगला नाही, आणि तो तोच चेहरा मोठा करून तिच्यापुढे धरतो. फिल्मचे रीळ आणि औषधाच्या पाण्याची तबके आता गेली. लग्नातले फोटोसुद्धा मोबाइलवर निघतात. पण तालुक्याच्या गावी ज्यांनी जुना फोटो स्टुडिओ पाहिला आहे त्यांना या खोलीचा वाससुद्धा आठवेल. सिनेमातला हा फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडन नावाच्या खऱ्या माणसावर बेतला आहे. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन मासिकासाठी तो फोटो काढत असे. सिनेमातले थिजलेले फोटोही त्याच्याच हाताखालून गेलेले आहेत.

दुसरी जागा पॅरिसमधल्या तळघरातल्या कॉफीच्या दुकानाची. तिथे हेपबर्न एकटी उठून नाचू लागते. अंगात काळा स्वेटर, काळी तुमान, काळे बूट आणि पायांत फक्त मोजे पांढरे. या मोज्यांवरून खरे भांडण झाले होते. दिग्दर्शक स्टॅन्ले डॉनन म्हणाला, मोजे पांढरेच हवेत. तिला ते मुळीच पटेना, तिच्या मते सगळी शोभा जात होती. त्याचे म्हणणे असे की पांढरे मोजे नसतील तर मागच्या अंधारात तुझे पाय हरवतील आणि नाच दिसणारच नाही. तिने रडतकढत ऐकले. पुढे सिनेमा पाहिल्यावर तिनेच त्याला चिठ्ठी लिहून कळवले की तुमचेच खरे होते. हे मी हिंगणघाटकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी सांगितले तेव्हा तिचे यजमान पटकन म्हणाले, "ताई, पोळ्याले काऱ्या बैलाच्या शिंगाले आपण पांढरा पट्टा कायले मारतो मंग? गर्दीत त्यानं मान हालवली की दुरून दिसलं पाह्यजे!" हॉलिवूडच्या दिग्दर्शकाला जे नटीला समजावून सांगावे लागले ते आमच्या जावईबापूंना बैलाच्या शिंगावरून उमगले होते.

तिसरी जागा लग्नाच्या झग्यातल्या नाचाची. पॅरिसजवळ शांतिई या गावच्या हिरवळीवर, पाण्याच्या कडेला हा नाच आहे. पडद्यावर धुके, हंस आणि पांढरा झगा. पाहणाऱ्याला वाटते की स्वर्ग म्हणतात तो हाच. प्रत्यक्षात तिथे त्या दिवसांत पाऊस इतका पडला होता की हिरवळीखाली निव्वळ चिखल. बूट रुतत होते, पांढऱ्या कापडाला डाग पडू न देणे कठीण झाले होते. फ्रेड अस्टेअरबरोबर नाचायला मिळावे म्हणून इतकी वर्षे वाट पाहिली आणि पदरात काय तर चिखल, अशी थट्टा हेपबर्नने तेव्हा केली होती. आषाढात काळ्या मातीत डवरा धरलेल्या माणसाने हा नाच पुन्हा एकदा पाहावा. प्रत्येक पाऊल उचलायला किती जोर लागला असेल ते त्यालाच कळेल, आणि चेहऱ्यावर तो जोर कुठेच दिसत नाही हेही.

लूव्र या जगप्रसिद्ध संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून लाल झग्यात ती धावत उतरते तेही पाहण्यासारखे आहे. पावसात फुग्यांचा घोस हातात धरून काढलेला फोटोही तसाच. पण ते कोणाला सांगावे लागत नाही, डोळे आपोआप तिकडे जातात.

नाचणाऱ्या या बाईबद्दल थोडे सांगायला हवे. तिचा जन्म ४ मे १९२९ चा, बेल्जियममधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती हॉलंडमध्ये अडकली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे जर्मनांच्या ताब्यातल्या भागात अन्नाचा असा दुष्काळ पडला की लोकांनी फुलांचे कंद उकडून खाल्ले. त्या उपासमारीतून ती वाचली. तिचा बारीकपणा पाहून आपल्याकडच्या आज्या 'पोरगी खात नाही का?' असे म्हणतील, म्हणून हे सांगितले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ती युनिसेफसाठी उपाशी मुलांच्या मुलखांत हिंडली आणि जानेवारी १९९३ मध्ये वारली.

अस्टेअरचा जन्म मात्र १८९९ चा. म्हणजे नायक नायिकेपेक्षा तीस वर्षांनी मोठा! हे सांगताच माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "माय वो, हा तर बापाच्या वयाचा." तिचे म्हणणे मला मान्य आहे. नाच सुरू झाला की वय विसरायला होते, थांबला की आठवते. यातली बरीच गाणीही जुनी. जॉर्ज आणि आयरा गर्श्विन या भावांनी ती १९२७ मध्ये याच नावाच्या एका नाटकासाठी रचली होती, आणि त्या नाटकात हाच अस्टेअर आपल्या बहिणीबरोबर नाचला होता. संगीत देणारा जॉर्ज १९३७ मध्येच गेला. चाली मागे राहिल्या आणि नवी गोष्ट त्यांच्याभोवती शिवली गेली. जुन्या लुगड्याच्या चांगल्या काठाला नवे कापड जोडून परकर शिवतात तसे.

आता जे मला खटकते ते सांगते. या सिनेमाने मुलीच्या पुस्तकांची चेष्टा केली आहे. विचार करणारी माणसे म्हणजे भोंदू, असा त्यात सूर आहे. जो दुकानात पुस्तके रचत होती, परक्या तत्त्वज्ञाची मते समजून घेण्यासाठी धडपडत होती. शेवटी तिला काय मिळाले? नवरा आणि झगा. त्या दुकानाचे पुढे काय झाले, ती पुन्हा पुस्तक हातात धरते की नाही, सिनेमा सांगत नाही. आणखी एक. एवढ्या कापडाच्या सिनेमात ती स्वतः एक टाकासुद्धा घालत नाही. मासिकवाली बाई ठरवते, शिंपी शिवतो, फोटोग्राफर उभी करतो. तिने फक्त सुंदर दिसायचे.

पडद्यामागे मात्र प्रकार वेगळा होता. हेपबर्नचे पॅरिसमधले झगे ह्यूबेर द जिव्हान्शी या फ्रेंच माणसाने केले होते, आणि त्याला तिने स्वतः शोधून काढले होते. १९५३ साली 'सॅब्रिना' या सिनेमासाठी कपडे घ्यायला ती त्याच्याकडे गेली. तो तेव्हा तरुण होता. हेपबर्न येणार म्हणताच त्याला वाटले कॅथरिन हेपबर्न ही दुसरी बडी नटी येणार, आणि दारात उभी ही काडीसारखी मुलगी! दोघांची मैत्री जन्मभर टिकली. पण 'सॅब्रिना'च्या वेशभूषेचे ऑस्कर बक्षीस मिळाले ते स्टुडिओच्या वेशभूषाकार एडिथ हेड यांना. जिव्हान्शीचे नाव पडद्यावर आलेच नाही. 'फनी फेस'मध्ये ते आले, आणि बक्षिसाच्या यादीत दोघांचीही नावे लागली. बक्षीस मात्र या वेळी कोणालाच मिळाले नाही.

कापड कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली ती आपला कापूस इथून जवळ म्हणून. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस. गिरणीला सम्राज्ञीचे नाव मिळाले. बोंड वेचणाऱ्या बाईचे नाव कापडाच्या कोणत्याच ताग्यावर नव्हते. गिरणी आता नाही. तिच्या जागेवर मॉल आहे, आणि तिथल्या काचेमागे पुतळ्यांच्या अंगावर गुलाबी कपडे टांगलेले असतात. क्विंटलभर कापसातून सरकी काढली की रुई हाती येते ती साधारण तेहतीस ते पस्तीस किलो. तिथून पुढचे सूत, रंग, बेत आणि शिलाई दुसऱ्यांच्या हातात जाते, आणि मोठा पैसा तिथेच मिळतो.

म्हणून 'फनी फेस' पाहताना मला आपल्या कोल्हापूरची एक मुलगी राहून राहून आठवत होती. तिचे नाव भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये, पुढे जगाला माहीत झालेल्या भानू अथैया. जन्म २८ एप्रिल १९२९. म्हणजे ऑड्री हेपबर्नपेक्षा अवघ्या सहा दिवसांनी मोठ्या! वडील चित्रकार, ते लवकर वारले. मुलगी मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकली आणि तिथे तिने सुवर्णपदक मिळवले. मग बायकांच्या मासिकांत फॅशनची चित्रे काढू लागली. 'फनी फेस'मध्ये असते तसेच हेही मासिक, पण ही मुलगी फोटोसाठी उभी राहिली नाही. हातात पेन्सिल धरून टेबलाच्या अलीकडे बसली. मासिकाच्या संपादिकेने पुढे कपड्यांचे दुकान काढले तेव्हा तिला विचारले, चित्रात काढतेस ते कापडात करशील का? तिने केले. नट्या त्या दुकानात येऊ लागल्या आणि तिथून ती सिनेमात गेली.

ज्या १९५७ साली 'फनी फेस' निघाला त्याच वर्षी आपल्याकडे गुरुदत्तचा 'प्यासा' आला. त्याचे कपडे भानूताईंचे. पुढे 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड', 'आम्रपाली', आणि कितीतरी वर्षांनी 'लगान'. 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजने अंगाला चापून बसवलेली नारिंगी साडी आठवते का? तीही त्यांचीच. मग १९८२ चा 'गांधी'. सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंचा नेसलेल्या महात्म्यापर्यंत एका माणसाचा कपडा कमी कमी होत जातो, अशी ती गोष्ट. जॉन मोलो या इंग्रज वेशभूषाकाराबरोबर भानूताईंनी ते काम केले, आणि एप्रिल १९८३ मध्ये दोघांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ती हीच. आमच्या जिल्ह्यातले सेवाग्राम आणि तिथली खादी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी 'गांधी' पुन्हा पाहावा आणि या वेळी फक्त धोतरे, टोप्या आणि लुगडी पाहावीत. नव्या कापडाची झळाळी कुठे दिसते का, शोधा. कापड वापरलेले, धुतलेले, उन्हात वाळलेले वाटले पाहिजे, ही केवढी मेहनत! २०१२ मध्ये त्यांनी ते बक्षीस नीट जपले जावे म्हणून ऑस्कर देणाऱ्या संस्थेकडेच परत ठेवायला दिले. २०२० च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

हे सगळे मी बहिणीच्या घरी सांगत होते त्याला कारण होते. भाची यंदा बारावीला आहे. तिला नागपुरात राहून कपड्यांच्या डिझाइनचे शिक्षण घ्यायचे आहे. जावईबापूंचे म्हणणे, नर्सिंगला जा, नाहीतर डी.एड. कर. "कपडे शिवाले कॉलेजात जावं लागते का? आपल्या गावचा टेलर कोन्त्या कॉलेजात गेला होता?" त्यांचे अगदीच चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. नागपूरची फी, खोलीचे भाडे, मेसचा डबा, आणि कापसाचा भाव तर आपल्याला ठाऊकच आहे. शिवाय या धंद्यात शिकून रिकाम्या बसलेल्या मुली मी नागपुरात पाहिल्या आहेत. त्यामुळे माझ्या तोंडून 'पाठवाच' असा शब्द निघाला नाही. सिनेमा लावला तो वाद मिटवण्यासाठी नव्हे. भांडून सगळी थकली होती म्हणून लावला.

गुलाबी गाण्याला जावईबापू हसले. काळ्या कपड्यांच्या नाचाला उठून पुढे बसले. लग्नाचा झगा आला तेव्हा म्हणाले, "याले कापड किती लागलं असन?" भाचीने सिनेमा थांबवला. वहीत घेराचे चित्र काढले, कमरेपासून खाली किती तुकडे जोडले असतील ते आखले, अस्तर वेगळे मोजले आणि हिशेब सांगितला. बापाने तो हिशेब दोनदा तपासला, एका जागी चूक काढली, तिने ती दुरुस्त केली. मग सिनेमा पुढे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ठरले ते असे. बारावीची परीक्षा झाली की जूनपर्यंत तिने गावच्या टेलरकडे रोज तीन तास बसायचे. काजबटन, तुरपाई, ब्लाउजची कटाई, जे सांगेल ते करायचे. नर्सिंगचा फॉर्म भरायचा आणि डिझाइनचाही भरायचा. दोन्ही फॉर्मचे पैसे बाप देणार. टेलरला विचारायला ते स्वतःच गेले होते.